पंधरावा प्रवासी

जावई म्हणजे दहावा ग्रह, असं जुनी माणसं म्हणायची. तो घरी आला की चांगली खुर्ची त्याला, आधी ताट त्याला, आणि तो रुसला की घरभर पळापळ. अशा ग्रहाची जड पिशवी खांद्यावर घेऊन सासरा उन्हातान्हात त्याच्या मागं मागं चालतोय, हे दृश्य काही रोज दिसत नाही. त्या वर्षी अख्ख्या टूरनं ते पाहिलं.

टूर गोल्फची, पण टीव्हीवर दिसते ती नव्हे. त्या मोठ्या टूरच्या खाली एक धाकटी टूर असते. मोठीवर विमानं, कॅमेरे आणि टाळ्या. धाकटीवर स्वतःची गाडी, स्टँडजवळचं लॉज आणि खिडकीच्या गजावर वाळत घातलेले मोजे. खेळाडू तिला शिडी म्हणत. हंगाम संपला की गुणांच्या क्रमानं वरचे थोडे जण मोठ्या टूरवर चढायचे, आणि उरलेल्यांनी पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करायची. काही जण तर इतकी वर्षं चढत होते की शिडी हेच त्यांचं घर झालं होतं.

आपला माणूस त्यांतलाच एक. हात चांगला, डोकं गरम. त्याच्या हातून काही चुकलं की चूक नेमकी दुसऱ्याचीच निघायची. नाचता येईना अंगण वाकडं, तसं याचा चेंडू होलमध्ये गेला नाही की गवत वाकडं. आणि गवत सरळ असलंच, तर मग त्याची गोल्फच्या काठ्यांची पिशवी उचलणारा वाकडा. त्यामुळे पिशवी उचलणारे त्याच्याकडे टिकत नसत. शेवटचा तर स्पर्धेच्या मधल्याच दिवशी पिशवी खाली ठेवून, 'तुमची तुम्ही घ्या' म्हणून चालता झाला होता.

बायको हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला. दिवसभर लोकांचं रक्त तपासून ती घरी यायची आणि नवऱ्याचं रक्त का उकळतंय ते ऐकत बसायची. तिचे वडील नुकतेच बस कंडक्टरच्या नोकरीतून निवृत्त झाले होते आणि घरात बसून त्यांना खुर्ची टोचत होती. एका संध्याकाळी ते म्हणाले, "पिशवीच उचलायची ना? जन्मभर गळ्यात पिशवी अडकवूनच उभा राहिलोय. ही जरा थोरली, एवढंच."

जावयानं आधी चेष्टा समजली, मग लाजला, मग दुसरा कुणी मिळेना म्हणून 'हो' म्हणाला.

तो सासऱ्यांना मामा म्हणायचा. मामा त्याला 'जावईबापू' म्हणत, आणि तेही चारचौघांत, मोकळ्या मैदानात, खणखणीत कंडक्टरी आवाजात: "जावईबापू, वारा समोरचा आहे!" दुसऱ्या स्पर्धेपर्यंत टूरवर दोघांची खरी नावं कुणाच्या लक्षात राहिली नाहीत. हा सगळ्यांचा जावई झाला आणि ते सगळ्यांचे मामा.

मामांना गोल्फ कळत नव्हता. गर्दी कळत होती. पिशवीतल्या क्लबांना, म्हणजे त्या काठ्यांना, ते प्रवासी म्हणायचे. नियमानं पिशवीत चौदाच क्लब चालतात, हे कळल्यावर त्यांना फार बरं वाटलं. "म्हणजे बसायला जागा ठरलेली. उभे प्रवासी घ्यायचेच नाहीत. उत्तम." पहिल्या होलवर जाण्याआधी ते प्रत्येक क्लबच्या डोक्यावर बोट टेकवून मोजणी करायचे, आणि आकडा जुळला की खिशातलं नाणं एका लोखंडी क्लबच्या डोक्यावर दोनदा वाजवायचे. ठण ठण. डबल बेल म्हणजे गाडी सोडा. एक बेल म्हणजे थांबा. एक बेल ते फक्त जावयाचा आवाज चढला की वाजवायचे, आणि गंमत म्हणजे तो थांबायचा. भांडणाऱ्या प्रवाशांची ज्यानं उभी हयात समजूत घातली, त्याला एक जावई काय जड?

खेळ सुधारला. दोन दिवसांनंतर निम्मे खेळाडू घरी पाठवले जातात, त्याला कट म्हणतात. गेल्या वर्षी जावई नेहमी घरी जाणाऱ्यांत असायचा. या वर्षी तो शेवटच्या दिवसापर्यंत टिकू लागला, गुण साठू लागले, आणि शिडीची वरची पायरी मान वर न करताही दिसायला लागली.

मग ती पावसाळी हवेची स्पर्धा आली.

वाळूच्या खड्ड्यातून चेंडू बाहेर काढायचा जो क्लब असतो, त्याला मामा फावडं म्हणत. जावयाकडं अशी दोन होती. एक जुनं, जड, थोरलं फावडं आणि एक नवं, हलकं, धाकटं. दोन्ही घेतली तर चौदाचे पंधरा होतात, म्हणून त्या सकाळी सरावानंतर जावयानं सांगितलं, "थोरलं गाडीत ठेवा." मामांनी ते डिकीत ठेवलं, किल्ली आणून दिली, मोजणी केली, चौदा भरले, ठण ठण केलं.

त्यानंतर जावयानं वर पाहिलं. आकाश भरून आलेलं, वाळू ओली असणार, ओल्या वाळूत थोरलंच बरं, असं त्याच्या मनानं घेतलं. मामांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, "ठरलं ना एकदा? मग स्टॉप बदलायचा नाही." ते ऐकायचं नव्हतं. म्हणून त्यानं त्यांना कँटीनमधून केळी आणायला पाठवलं, स्वतः धावत जाऊन डिकीतून थोरलं फावडं आणलं आणि पिशवीत खोचलं. बदल्यात दुसरा एखादा क्लब काढून ठेवायचा होता. तेवढ्यात स्पीकरवर त्याचं नाव पुकारलं. तो हातमोजा चढवत पळाला, मामा केळी घेऊन आले, पिशवी उचलली आणि त्याच्या मागं निघाले. काढायचा क्लब पिशवीतच राहिला.

तिसऱ्या होलला त्याचा चेंडू वाळूत गेला.

"मामा, फावडं."

मामांनी पिशवीत हात घातला, धाकटं बाहेर काढलं, आणि हात पुन्हा आत गेला. ते तसेच उभे राहिले. मग आपल्या त्या खणखणीत आवाजात, जे आहे ते बोलून मोकळे झाले, "जावईबापू, थोरलं इथं आहे. हे इथं कसं?"

सोबत खेळणारा उंच खेळाडू, ज्याला सगळे लंबू म्हणत, जवळच उभा होता. त्यानं वळून पाहिलं.

जावयाला त्याच क्षणी सगळं आठवलं. डिकी, धावणं, स्पीकर, केळी. 'मी ठेवलं' एवढे दोनच शब्द बोलायचे होते. पण वर्षानुवर्षांची सवय. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"मामा! मोजलं होतं ना तुम्ही?"

मामांचा चेहरा हळूहळू उतरला. ते जावयाकडं पाहत नव्हते, पिशवीकडं पाहत होते. रेफरी छोट्या गाडीतून आला, त्यानं क्लब मोजले. "पंधरा. पहिल्या दोन होलचा दोन-दोन फटक्यांचा दंड. एकूण चार."

"माझी चूक, साहेब," मामा म्हणाले. "यांची काही चूक नाही. मोजण्यात माझ्याकडूनच..."

"काका, कुणाची चूक ते मला नकोच आहे," रेफरी म्हणाला. "कुणीही ठेवला असला तरी दंड तेवढाच."

दंड तेवढाच! म्हणजे खरं बोलला असता तरी चार, खोटं बोलला तरी चार. खोटेपणात एका फटक्याचाही फायदा नव्हता. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, आणि तेही सासऱ्याच्या डोक्यावर आपटून. जावयाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यानं चेंडू वाळूतून बाहेर काढला, फटका बरा बसला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला चांगल्या फटक्याची किळस आली.

तो कट हुकला. हुकला तोही तीन फटक्यांनी. दंडाच्या चारांपेक्षा एकानं कमी.

कँटीनमध्ये लंबूनं मामांच्या पाठीवर थाप मारली. "काय मामा, जादा प्रवासी? आता खरंच रिटायर व्हा!" सगळे हसले. मामाही हसले. त्यांच्या हसण्याकडं जावयाला बघवेना. आता सांगावं, आत्ताच, या टेबलावर, असं त्याच्या मनात आलं. तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते असं: "जाऊ दे रे. वय झालंय त्यांचं. होतं असं कधी कधी."

मग एक जुना खेळाडू म्हणाला, "बघा. चार फटके गेले, पण शब्दानं दुखावलं नाही. असा जावई मिळायला नशीब लागतं." आणि मामांनी मान डोलावली. "नशीबच आहे माझं," ते म्हणाले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं जावयाला झालं. धरणी काही अशी सोयीनं दुभंगत नाही. तो चहा प्यायला.

परत निघताना मामांनी डिकी उघडली, आत पाहिलं, बंद केली आणि पुन्हा उघडली.

"मला दिसतंय हो," ते म्हणाले. "उजव्या बाजूला, छत्रीखाली ठेवतोय, असं डोळ्यांपुढं दिसतंय. आणि ठेवलं तर नव्हतंच. म्हणजे न घडलेलं दिसायला लागलंय मला."

जावयानं गाडी सुरू केली.

बराच रस्ता गेल्यावर मामा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आमच्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. पहिल्यांदा चपला कुठं काढल्या ते आठवेना. शेवटी मला विचारायचा, 'तुमचं गाव कोणतं?'" एवढं बोलून ते हसले, विनोद सांगितल्यासारखे. "चिमणीला नका सांगू. उगीच घाबरेल पोरगी."

चिमणी म्हणजे त्यांची मुलगी, याची बायको.

त्या दिवसापासून डबल बेल बंद झाली. मामा पिशवी मोजायचे, पुन्हा मोजायचे, मग म्हणायचे, "जावईबापू, तुम्ही एकदा बघता का?" लंबूच्या पिशवीवाल्यालाही मोजायला लावायचे. नाणं खिशातच राहायचं. लॉजवर सकाळी न्हाणीघरातून त्यांची पुटपुट ऐकू यायची. जावयाला आधी वाटलं, देवाचं काही म्हणत असतील. एकदा त्यानं दाराशी थांबून कान दिला. मामा त्यांच्या जुन्या रूटचे स्टॉप म्हणत होते. "गिरणी, दवाखाना, पाण्याची टाकी, मुलींची शाळा, जकात नाका..." शेवटापर्यंत जायचे आणि तिथून उलटे परत यायचे. डोकं शाबूत आहे की नाही ते तपासत होते. एकदा येताना अडखळले, पाण्याची टाकी गळली, आणि आत बराच वेळ नुसता नळाचा आवाज येत राहिला. अहो, दाढी करता करता एखादा स्टॉप कुणाच्याही तोंडून गळेल! पण ते दारापलीकडून कोण सांगणार? जो सांगू शकत होता, तो हातात टॉवेल घेऊन मेल्याहून मेल्यासारखा उभा होता.

त्यानं एकदा प्रयत्न केला, नाही असं नाही. गाडीत पेट्रोल भरताना म्हणाला, "मामा, त्या दिवशी ते फावडं..."

"नको," मामा म्हणाले. "तो विषय नको, जावईबापू. मला फार लाज वाटते त्याची."

आणि या पठ्ठ्यानं तेवढीच सबब धरली. ते नको म्हणाले म्हणून नाही बोललो, असं त्यानं मनाला सांगितलं. मनाला काहीही सांगता येतं, ते ऐकतं कुठे? दुसऱ्याला लाज वाटतेय म्हणून आपली लाज झाकून ठेवायची, यासारखा हलकटपणा नाही, हे त्याला त्या पेट्रोल पंपावरच कळलं होतं.

विचित्र म्हणजे त्याचा खेळ आणखी सुधारला. तो आता ओरडत नव्हता, गवताला नावं ठेवत नव्हता. मामा चुकीचा क्लब देत, तर तोच घेऊन मारायचा. टूरवर लोक म्हणायचे, जावई माणसात आला. कुणी तसं म्हटलं की त्याची मान खाली जायची, आणि त्याला लोक नम्रपणा समजायचे.

घरी बायको आता बापाच्या प्रत्येक वाक्याला भिंगाखाली धरू लागली होती. फावड्याचं नवऱ्यानं सांगितलं नव्हतं. लंबूच्या बायकोनं फोनवर हसत हसत सांगून टाकलं होतं. "बाबांनी मला फोनवर दोनदा विचारलं, जेवलीस का म्हणून," ती म्हणाली.

"सगळेच बाप दोनदा विचारतात."

"ते आधी एकदाच विचारायचे." ती त्याच्याकडं वळली. "तू तिथं असतोस. तुला काय वाटतं? खरं सांग."

खरं सांग, असं तिनं स्वतःहून म्हटलं होतं. ताटात वाढून दिलं होतं. तो म्हणाला, "डॉक्टरांना दाखवून घेऊ या. हंगाम संपला की."

हंगाम संपला. शेवटच्या स्पर्धेत तो छान खेळला आणि तरी एका जागेनं खाली राहिला. वर चढणाऱ्यांत शेवटचं नाव लंबूचं होतं; त्याच्या लगेच खालचं याचं. यादी कार्यालयाच्या काचेवर लावलेली होती. मामा तिच्यासमोर चष्मा पुसत उभे राहिले. गुण बोटांवर मोजून त्यांनी काय ते ताडलं. त्या पावसाळी स्पर्धेत नुसता कट पार झाला असता, तरी काम झालं असतं.

घरी पोचल्यावर ते सरळ स्वयंपाकघरात गेले. मुलगी ओट्याशी उभी होती. "चिमणे," ते म्हणाले, "तुझ्या नवऱ्याचं वर्ष मी खाल्लं गं. मला माफ कर." त्यांनी चक्क हात जोडले. लेकीपुढं हात जोडणारा बाप! तिनं घाईघाईनं ते हात धरून खाली केले आणि नवऱ्याकडं पाहिलं. त्यानं काहीतरी बोलावं, बाबांना समजवावं म्हणून पाहिलं. तो दारात बुटांची नाडी सोडत खाली वाकला होता. नाडी सुटलेलीच होती.

डॉक्टरांची वेळ मिळाली ती दुपारची. बायकोला लॅबमधून सुट्टी मिळाली नाही, म्हणून मामांना घेऊन जावई गेला. मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. गाडीत त्यांचे ओठ हलत होते. गिरणी, दवाखाना, पाण्याची टाकी.

डॉक्टर तरुण बाई होती, चटपटीत, पण बोलणं मऊ. तिनं मामांना आजचा वार विचारला. घड्याळ काढायला लावलं. शंभरातून सात, त्यातून पुन्हा सात, असं वजा करत जायला सांगितलं. मामा धडाधड उतरत गेले; सुट्टे पैसे परत देण्यात उभा जन्म गेला होता. डॉक्टर हसली. "हे तर माझ्यापेक्षा भराभर झालं. मग तुम्हाला नेमकी शंका कशावरून आली?"

मामांनी सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. थोरलं फावडं, धाकटं फावडं, डिकी, छत्री, चौदाचे पंधरा. "ठेवलं नाही आणि ठेवल्याचं मात्र स्पष्ट आठवतं," ते म्हणाले. "आजही आठवतं. हीच तर भीती आहे, डॉक्टर. विसरणं एक वेळ समजू शकतो. हे न घडलेलंच आठवतंय." आवाज खाली गेला. "माझ्या भावाचं मी पाहिलंय. तसं होणार असेल तर मला आताच सांगा. मुलीला हा निकाल कळायच्या आत मला काही सोय बघता येईल."

डॉक्टरनं मान हलवली आणि जावयाकडं वळली. "तुम्ही होतात ना तिथं? यांनी तो क्लब डिकीत ठेवलाच नव्हता, हे नक्की? म्हणजे मला तसं नोंदवावं लागेल. आणि मग पुढच्या तपासण्या."

जावयानं मामांकडं पाहिलं. ते त्याच्याकडं आशेनं पाहत नव्हते. त्यांना त्याच्याकडून काहीच अपेक्षा नव्हती. गुडघ्यांवर हात ठेवून ते निकालाची वाट बघत होते.

"ठेवला होता," जावई म्हणाला.

"म्हणजे?"

"यांनी ठेवला होता डिकीत. मी काढून आणला. यांना केळी आणायला पाठवलं आणि मी काढला. मोजणी झाल्यावर. मोजले तेव्हा चौदाच होते." त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. "मला तेव्हाच माहीत होतं. तिथं, वाळूतच. मी बोललो नाही."

मामांनी मान वळवली.

"छत्रीखालून काढलंत?"

"हो."

"उजव्या बाजूनं?"

"हो, मामा."

मामांनी डोळे मिटले. आता ते भडकतील, असं जावयाला वाटलं. भडकावं, कानाखाली वाजवावी, असं त्याला मनापासून वाटलं. पण त्यांनी डोळे उघडले तेव्हा ते भरलेले होते आणि चेहऱ्यावर हसू होतं. ते डॉक्टरकडं वळले. "ऐकलंत ना? उजव्या बाजूला, छत्रीखाली! मी म्हटलं नव्हतं? बरोबर आठवतंय मला. बरोब्बर आठवतंय!" पहिला नंबर आल्यासारखे ते खुर्चीत उड्या मारायचे बाकी होते.

त्या आनंदापुढं जावयाला मान वर करता येईना. शिव्या सोसल्या असत्या. डॉक्टरनं पेन खाली ठेवलं होतं आणि ती त्याच्याकडं बघत होती.

बाहेर पायऱ्यांवर आल्यावर मामा थांबले. आनंद ओसरला होता. ते कठड्याला टेकले आणि बराच वेळ रस्त्यावरच्या बस बघत राहिले.

"रेफरीला मी तेच सांगितलं असतं," ते शेवटी म्हणाले. "तुम्ही हळूच कानात म्हणाला असतात ना, 'मामा, माझ्याकडून झालं', तरी मी तेच म्हटलं असतं. माझी चूक, साहेब. अहो, प्रवाशासाठी किती वेळा म्हटलंय, जावयासाठी नसतं म्हटलं? पण माहीत असून म्हटलं असतं. रात्री झोप तरी लागली असती."

"मामा, मी..."

"मामा, मामा म्हणता म्हणता मामाच बनवलंत की हो मला."

असं म्हणून ते हसले. विनोद चांगला होता. टूरवर कुणी केला असता तर लोक लोळले असते. जावयाच्या घशातून हुंदका आला. मामांनी त्याला रडू दिलं, थोपटलं नाही, खिशातला रुमाल मात्र काढून दिला. त्याला गाठ मारलेली होती. ती कशाची आठवण राहावी म्हणून मारली होती, ते जावयानं विचारलं नाही.

"चिमणीला कोण सांगणार?" गाडीत बसताना मामा म्हणाले.

"मी."

"मी एक शब्द बोलणार नाही. तुमच्या बाजूनं नाही आणि विरुद्धही नाही."

"हो."

वाटेत सिग्नलला गाडी थांबली, पुन्हा निघाली. मामांचे ओठ आता हलत नव्हते. ते दुकानांच्या पाट्या वाचत होते.

बायको लॅबमधून लवकर आली होती. बेल वाजवायच्या आधीच तिनं दार उघडलं. पर्स अजून खांद्यालाच होती. तिनं आधी बापाचा चेहरा पाहिला, मग नवऱ्याचे सुजलेले डोळे, आणि दाराची चौकट घट्ट धरली. जे नव्हतं तेच ती समजली होती.

"काय म्हणाले डॉक्टर? सांग ना. वाईट आहे का?"

त्यानं तोंड उघडलं. हिला वाईट वाटेल, ही दमून आलीय, आधी बसू दे, पाणी पिऊ दे. सबबी रांगेत उभ्या राहिल्या. तिचा चेहरा पांढरा पडत चालला होता.

मागं मामांनी खिशात हात घातला. ते नाणं काढल्याचा आवाज आला. मग दाराच्या लोखंडी कडीवर त्यांनी ते वाजवलं, कितीतरी महिन्यांनी.

ठण ठण.

"बाबांना काही झालेलं नाही," तो म्हणाला. "ते फावडं मी काढलं होतं."